श्रीवर्धनची वाडी आणि व्हिएन्नाचे वादळ

समुद्रकाठच्या गावी जावयाचे ते समुद्र पाहण्यासाठी, असा सर्वसाधारण समज आहे. आम्ही मात्र यंदाच्या माघात श्रीवर्धनास गेलो ते आमच्या आतेबंधूंच्या समाचारास, आणि परतलो ते कानांत दूरदेशीच्या वाद्यांचा घोष साठवून. उभा जन्म शाळेत शब्दरूपे आणि समास शिकविण्यात गेलेल्या आमच्यासारख्या मास्तराने सिंफनीविषयी लिहावे, हे काही वाचकांस धाडसाचे वाटेल. तथापि जे ऐकले व पाहिले ते इतके मनात घोळत राहिले आहे की, ते या पानांतून सांगितल्यावाचून आम्हांस चैन पडणार नाही.

माणगावापर्यंत कोकण रेल्वे आणि तेथून म्हसळ्यावरून एस. टी., हा आमचा नेहमीचा मार्ग. म्हसळे मागे पडले की रस्ता वळणे घेऊ लागतो, करवंदीच्या जाळ्या आणि काजूची झाडे दिसू लागतात, आणि वाऱ्याला खारट वास येतो. मग श्रीवर्धन. गाव जुने, आटोपशीर, लांबच लांब वाळूच्या किनाऱ्यामागे माडापोफळींत दडलेले. बाळाजी विश्वनाथ भटांचे हे मूळ गाव. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे ज्यांस येथून बाहेर पडावे लागले, तेच पुढे १७१३ साली शाहूमहाराजांचे पेशवे झाले. त्यांचा पुतळा गावात आहे आणि प्रत्येक श्रीवर्धनकर पाहुण्यास तो अगत्याने दाखवितो. हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानातच होता. गावचा दुसरा अभिमानाचा विषय म्हणजे येथील सुपारी. श्रीवर्धनी रोठा म्हटला की जाणकार अडकित्ता हातात घेतो.

आमचे आतेबंधू, ज्यांस सारे घर आप्पा म्हणते, ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. घर कौलारू, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी, आणि पडवीच्या पायरीशीच वाडी सुरू होते. या वाडीत आमच्या लहानपणी भर दुपारीही ऊन जमिनीला लागत नसे. पाटाचे पाणी झुळझुळत असावयाचे आणि वर पोफळींची टोके एकमेकींच्या कानाला लागलेली असावयाची. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन आदळले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातील बागा आडव्या केल्या. पोफळ ही उंच, सडपातळ जात. ती वाकते, परंतु काही मर्यादेपर्यंतच. आप्पांच्या तीनशेंवर पोफळींपैकी संध्याकाळी उभ्या राहिल्या त्या चाळीसही नव्हत्या. घराची निम्मी कौले उडाली, आणि मागील माड पडवीवर कोसळला.

त्या पडवीत एक लाकडी कपाट होते. त्या कपाटासाठीच हा सारा प्रपंच.

आप्पांचे वडील, म्हणजे आमच्या आत्याचे यजमान, मुंबईस एका पारशी सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून होते. मालकास विलायती संगीताचा नाद. त्या काळी काळ्या घोड्याजवळच्या कावसजी जहांगीर सभागृहात अशा मैफली होत. मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकाने १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता, आणि त्याच्या वादकांत गोव्याकडची पुष्कळ मंडळी होती. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपी वाचणे आणि व्हायोलिन धरणे शिकवीत. तीच मुले पुढे मुंबईत सायंकाळी सिंफनी वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या गाण्यांस साथ करीत. आपण ज्या हिंदी गाण्यांवर लहानाचे मोठे झालो, त्यांच्या पाठीमागे घुमणारी व्हायोलिने बहुधा याच हातांची होती. मेहलींचा मुलगा झुबिन १९३६ साली मुंबईतच जन्मला, आणि अठराव्या वर्षी व्हिएन्नास शिकावयास गेला. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि इस्राएल येथील मोठमोठ्या वाद्यवृंदांचा तो संचालक झाला, हे सर्वश्रुतच आहे.

तर या मालकांनी एकदा आपल्या कारकुनास तिकीट देऊन मैफलीस पाठविले. आमचे हे नातलग संध्या करणारे, गंधगोळी न सोडणारे. ते गेले आणि तेथेच गुंतले. पुढे मालकांनी जुना चावीचा ग्रामोफोन आणि तबकड्यांचा एक संच त्यांस दिला. मे महिन्याच्या सुटीत तो सारा बोजा आगबोटीने श्रीवर्धनास आला, आणि ओटीवर वाजू लागला. गावकरी प्रथम हसले, मग बसू लागले. संच होता बीथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीचा. 'पास्टोरल', म्हणजे गोपजनांची, रानामाळाची सिंफनी असे तिचे नाव आहे. वाजविणारा वाद्यवृंद व्हिएन्नाचा, संचालक ब्रूनो वॉल्टर, आणि मुद्रणाचे साल १९३६.

वादळात माड पडला तो याच कपाटावर. लाखेच्या त्या तबकड्या. पाचांपैकी चारांचे तुकडे झाले. आप्पांनी ते तुकडे टाकले नाहीत; सुपारी सुकविण्याच्या एका जुन्या हाऱ्यात ते अद्याप ठेवलेले आहेत. मात्र त्या दिवसापासून त्यांनी गाणे म्हणून काही ऐकले नाही. वाडी पुन्हा लावली, कारण लावावी लागतेच. पण, "पोफळ फळास यायला पाच-सहा वर्षे, आणि माझे वय पाहा," असे म्हणून ते गप्प होत. पुण्याचा मुलगा, वाडी विकून टाकू आणि तुम्ही दोघे आमच्याकडे चला, असे सुचवीत होता. वहिनींनी आम्हांस पत्र घालून बोलाविले ते याचसाठी. "तुम्ही मास्तर आहात, भाऊजी, तुमचे ते ऐकतील," असे त्यांनी लिहिले होते. मास्तरांचे कोण किती ऐकते हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही आम्ही गेलो.

आम्ही गेलो तेव्हा आप्पांची नात घरी आलेली होती. ही मुलगी ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेऊन मुंबईस त्याच व्यवसायात आहे. तिने येताना लहानशा पेटीएवढे ध्वनिवर्धक आणि खिशातले यंत्र आणले होते. रात्री जेवणे झाल्यावर ओटीवर बसलो असता ती म्हणाली, "आजोबा, पणजोबांच्या त्या तबकड्यांतले वाजवणे अजून जिवंत आहे. कोणीतरी जुन्या तबकड्यांवरून ते उतरवून ठेवले आहे. ऐकवू?"

आप्पा काही बोलले नाहीत. झोपाळ्याची कडी मात्र थांबली.

येथे थोडे विषयांतर करून, सिंफनी म्हणजे काय आणि तिचा 'अर्थ लावणे' म्हणजे काय हे सांगितले पाहिजे. कारण आम्हांसही ते त्याच रात्री नातीने समजावून दिले. आपल्याकडे गवई राग घेऊन बसतो. बंदिश दोन ओळींची, आणि बाकीचे सारे त्याच्या बुद्धीचे. सिंफनीत तसे नाही. साठ-सत्तर किंवा त्याहून अधिक वादकांपैकी प्रत्येकाने कोणत्या क्षणी कोणता स्वर किती काळ वाजवावयाचा, हे रचनाकाराने आधीच कागदावर लिहिलेले असते. मग संचालकास काम काय उरते? आम्ही हाच प्रश्न केला. ती म्हणाली, "मास्तर आजोबा, ब्रह्मसूत्रे एकच ना? मग शंकराचार्यांचे भाष्य वेगळे आणि रामानुजांचे वेगळे कसे?"

आमच्याच शस्त्राने आम्हांस गप्प करणारी ही मुलगी आम्हांस फार आवडली. खरोखर दृष्टांत चपखल आहे. कागदावरील स्वर म्हणजे सूत्र. 'हळू', 'वेगाने पण फार नव्हे', 'मोठ्याने' असे शब्द रचनाकार लिहितो; परंतु किती हळू आणि किती मोठ्याने, हे सूत्र सांगत नाही. बीथोव्हेनने १८१७ साली आपल्या सिंफन्यांना लयमापक यंत्राचे आकडे देऊन हा संशय मिटविण्याचा प्रयत्न केला. तर काही आकडे इतके वेगवान निघाले की, ते खरेच त्याच्या मनातले होते का, यावरच पुढे वाद माजले. तोस्कानिनी हे इटालियन संचालक लिहिलेल्या अक्षराला चिकटून, ताठ लयीत वाजविण्याबद्दल प्रसिद्ध. तर जर्मनीचे फुर्टवेंग्लर लय श्वासाप्रमाणे आत-बाहेर होऊ देत. दोघांचेही ग्रंथप्रामाण्य एकच, आणि दोघांचेही शिष्य दुसऱ्याच्या भाष्याला अपसिद्धांत म्हणणारे. वेदपाठात पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचून आपल्या पूर्वजांनी स्वराचा केसही हलू दिला नाही. सिंफनीची परंपरा ही पाठाची नव्हे, भाष्याची आहे, असे आम्ही समजलो.

आणि भाष्यकार दिवंगत झाला तरी त्याचे भाष्य ऐकता यावे, ही सोय यंत्राने केली. पूर्वी मोठ्या कर्ण्यासमोर सारे वादक दाटीवाटीने बसत. खर्जातली मोठी तंतुवाद्ये यंत्राला ऐकूच येत नसत, म्हणून त्यांच्या जागी फुंकण्याची वाद्ये योजीत. अशाच कर्ण्यासमोर आर्तुर निकिश यांनी बर्लिनच्या वाद्यवृंदाकडून १९१३ साली बीथोव्हेनची पाचवी सिंफनी मुद्रित करविली. १९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला, आणि वाद्यवृंदाला आपल्या जागी बसून वाजविता येऊ लागले. परंतु तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांची, ही अडचण राहिलीच. आपल्याकडे या अडचणीवर गवयांनी तोड काढली. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या थोर गायकांनी अर्ध्या तासाचा राग तीन-साडेतीन मिनिटांत असा बसविला की, तो संक्षेपही पूर्ण वाटावा. सिंफनीचा संक्षेप करता येत नाही. लिहिले ते वाजविलेच पाहिजे. तेव्हा तिचे तुकडे पाडले जात. चाळीस मिनिटांची सिंफनी म्हणजे पाच तबकड्या आणि नऊ-दहा बाजू. दर बाजूअखेर वादकांनी हात आवरावयाचे, मेणाची नवी चकती लावावयाची, आणि तोच भाव, तीच लय पुन्हा पकडावयाची. एखाद्याची चूक झाली तर ती बाजू पहिल्यापासून. कारण आजच्याप्रमाणे तेवढाच भाग कापून जोडण्याची सोय नव्हती. पुढे चुंबकीय फीत आली, १९४८ साली वीस मिनिटांवर वाजणारी लाँग-प्ले तबकडी आली, आणि हे तुकडे जोडले गेले.

असो. नातीने यंत्र सुरू केले. प्रथम खरखर ऐकू आली. जुन्या तबकडीचीच ती. तिने मुद्दामच पुरती पुसलेली नव्हती. मग व्हायोलिनांनी एक साधी, गुणगुणावी अशी ओळ म्हटली आणि जणू दम घेण्यासाठी त्या थांबल्या. गावाकडे पोहोचल्यावर मनात उठणारे आनंदाचे भाव, असे या पहिल्या भागाचे नाव आहे. बीथोव्हेनला तेव्हा, १८०८ साली, पुष्कळच कमी ऐकू येत असे. ज्याच्या कानांपासून पाखरे दूर चालली होती, त्याने ही पाखरे लिहावीत, याचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते. आपण चित्र काढीत नसून भाव सांगत आहोत, असा खुलासाही त्याने करून ठेवला आहे. मेघदूतात कालिदासाने मेघाला वाट सांगितली ती भूगोल शिकविण्यासाठी नव्हे, हे जो जाणतो, त्यास तो खुलासा वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

संगीत चालले असता एक मौज घडली. चार-पाच मिनिटे झाली असतील. आप्पांचा उजवा हात झोपाळ्यावरून उचलला गेला आणि हवेतच थबकला. थोड्या वेळाने पुन्हा तसेच. आम्हांस उलगडा होईना. नातीने हळूच सांगितले, "तबकडी उलटायची जागा आहे ती. तिथला सांधा आता जुळवलेला आहे." लहानपणी तबकडी उलटणे आणि टाचणी बदलणे हे आप्पांचे काम. ऐंशी वर्षांच्या जवळ गेलेल्या हाताला अजून प्रत्येक बाजूचा शेवट पाठ होता. संगीतकाराने जेथे विराम दिलाच नव्हता, तेथे यंत्राने दिला, आणि तो या माणसाच्या अंगात मुरून गेला. त्याच्यापुरता तोही त्या रचनेचाच भाग झाला होता.

दुसरा भाग ओढ्याकाठचा. शेवटी बासरी, ओबो आणि क्लॅरिनेट ही वाद्ये बुलबुल, लावा आणि कोकिळ यांचे आवाज काढतात. तेथे आप्पा म्हणाले, "पुरे. बंद कर, बाळ."

का, ते आम्हां सर्वांस कळले. पुढला भाग खेडुतांच्या नाचाचा. आणि त्या नाचाला तोडून जे येते ते वादळ. शेवटचे तीन भाग बीथोव्हेनने एकमेकांना जोडूनच लिहिले आहेत; मध्ये थांबावयास जागा नाही. जुन्या संचात निदान टाचणी उचलावयास बाजूचा शेवट सापडे.

नातीने यंत्र बंद केले. बराच वेळ कोणी बोलले नाही. समुद्राचा आवाज तेवढा येत होता. मग ती वॉल्टरसाहेबांची हकीकत सांगू लागली, आणि आम्हांस वाटते, ती तिने याच वेळेसाठी राखून ठेविली होती.

ब्रूनो वॉल्टर १८७६ साली बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मले. १९३३ साली नाझींच्या अमलात त्यांस जर्मनी सोडावी लागली आणि त्यांनी व्हिएन्ना गाठले. आपल्या कपाटातील तबकड्या त्याच दिवसांतल्या. जानेवारी १९३८ मध्ये त्यांनी तेथेच आपले गुरू माहलर यांची नववी सिंफनी वाजविली. माहलर ती ऐकण्यापूर्वीच वारले होते, आणि १९१२ साली तिचा पहिला प्रयोगही वॉल्टर यांनीच केला होता. ती मैफल मुद्रित करून घेण्यामागे फ्रेड गाइसबर्ग होते. हेच गृहस्थ १९०२ साली कलकत्त्यास येऊन गौहरजानचे गाणे तबकडीवर घेऊन गेले होते. त्या मैफलीनंतर दोन महिन्यांत हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. वाद्यवृंदातील ज्यू वादक काढून टाकण्यात आले. अनेक दशके अग्रवादक असलेले वृद्ध आर्नोल्ड रोझे लंडनला परागंदा झाले. वॉल्टर यांचे घरदार, देश, वाद्यवृंद सारेच गेले. आणि १९३९ साली त्यांची एक मुलगीही गेली, तीही आपल्या नवऱ्याच्या हातून. ते अमेरिकेस गेले. १९५८ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षाच्या आत-बाहेर असता, त्यांनी हीच सिंफनी पुन्हा नव्याने मुद्रित केली.

"म्हणजे माझ्या वयाचा," आप्पा म्हणाले.

"हो, आजोबा. तेच सूर, एकही कमीजास्त नाही. वादळासकट."

आप्पांनी थोड्या वेळाने विचारले, "त्याने वादळ गाळले नाही?"

"गाळता येत नाही."

"मग लाव."

तिने १९५८ चे मुद्रण लावले, ते नाचापासूनच. येथे खरखर नव्हती. वाद्ये उजवीकडे, डावीकडे, मागे, अशी बसलेली कळत होती. नाच रंगात आला असतानाच एकाएकी खाली, खर्जात, थरथर सुरू झाली, आणि तीवर व्हायोलिनांचे तुटक तुटक थेंब पडू लागले. मग नगारे. साऱ्या सिंफनीत हे नगारे फक्त वादळातच वाजतात; आधी नाही, नंतर नाही. चेल्लो पाच स्वर घेतात तेवढ्याच अवकाशात मोठे डबल बेस चार घेतात, त्यामुळे तळाशी निव्वळ गडगड होते, सूर ओळखू येत नाही. आम्ही आप्पांकडे पाहण्याचे टाळले. वहिनी आतून दारापर्यंत आल्या आणि तेथेच उभ्या राहिल्या. मग गडगड दूर गेली, ओबोने एक शांत ओळ म्हटली, बासरी एकेक स्वर चढत वर गेली, आणि गुराख्याचे गाणे सुरू झाले. वादळ ओसरल्यावरचे कृतज्ञतेचे भाव, असे या शेवटच्या भागाचे नाव आहे.

सारे संपल्यावर आप्पा जे बोलले ते आम्ही जसेच्या तसे देतो. "यांचे वादळ चार मिनिटांत आटोपले. आमचे दुपारभर होते. आणि लगेच कृतज्ञता? आमच्याकडे आधी पंचनामा आला."

आम्ही हसलो; तेही हसले. पण मग त्यांनी विचारलेला प्रश्न गमतीचा नव्हता. या सगळ्या विलायती लोकांनी वादळानंतर गाणेच लिहिले काय? की कोणी शेवटी रडलेही? नातीने सांगितले की, बीथोव्हेननंतरच्या पिढ्यांस हा प्रश्न पडलाच. १८३० साली पॅरिसच्या बेर्लिओझने सिंफनीत स्वतःच्या निराश प्रेमाची कथा गुंफली आणि तिचा शेवट चेटकिणींच्या मेळ्यात केला. ब्राम्सला बीथोव्हेनच्या मागे पाऊल टाकण्याची अशी धास्ती की, त्याची पहिली सिंफनी १८७६ साली, त्रेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडली. आणि रशियाच्या चायकोव्हस्कीने १८९३ साली आपल्या सहाव्या सिंफनीचा शेवट विजयात केलाच नाही. ती खाली खाली जात खर्जात विझून जाते. तिच्या पहिल्या प्रयोगानंतर नऊ दिवसांनी तो स्वतःच वारला. आप्पा म्हणाले, "तो खरे बोलला." मग थोडे थांबून, "हाही खोटे बोलला असे नाही. फक्त मधला पंचनामा लिहायचा राहिला."

आता वाचक विचारतील, १९३६ चे भाष्य आणि १९५८ चे भाष्य यांत फरक काय? हा प्रश्न आप्पांनीही केला, आणि दोन्ही शेवट एकापाठोपाठ एक लावून घेतले. आम्हांस वाटले की, दुसऱ्यात गुराख्याचे गाणे अधिक निवांत आहे, तंतुवाद्यांखाली काहीतरी जडशीळ, समंजस असे आहे; बावीस वर्षांचे दुःख त्यात उतरले असले पाहिजे. आम्ही हे मोठ्या विद्वत्तेने बोलूनही दाखविले. तेव्हा नात म्हणाली, "तसे असेलही. पण मास्तर आजोबा, ते जडशीळ वाटते ते खर्जाचे सूर आहेत. १९३६ सालीही ते वादकांनी वाजवलेच होते. तेव्हाच्या यंत्राला इतके ऐकू येत नव्हते. यंत्राचे श्रेय माणसाला आणि माणसाचे यंत्राला देऊ नये, हे आमच्या धंद्यातले पहिले पथ्य."

हा बोध आम्ही गाठीस बांधला आहे. माणसाच्या चरित्रावरून त्याच्या कलेत दुःख शोधण्याची आपणांस खोड असते. ब्याऐंशी वर्षांच्या त्या संचालकाने कदाचित आपले दुःख त्यात घातले असेल; कदाचित त्याने ते बाहेर ठेवून, बीथोव्हेनने लिहिले तेवढेच निष्ठेने वाजविले असेल. दुसरे अधिक कठीण आहे, आणि आम्हांस वाटते, अधिक थोर. ज्याचे घर उडाले त्याने वादळ गाळले नाही आणि वादळानंतरचे गाणेही गाळले नाही, एवढे मात्र तबकडीवर निःसंशय उमटले आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती कुदळीच्या आवाजाने. आप्पा वाडीत पाट मोकळा करीत होते. गड्याला हे काम नीट जमत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. आम्ही पंचा खांद्यावर टाकून मागे गेलो. २०२० च्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळी आता घराच्या पागोळीच्या वर गेल्या आहेत. वाडीत ऊन अजून फार येते. सावली धरावयास आणखी काही वर्षे जातील. पण तीन-चार झाडांवर हिरव्या सुपारीचे पहिले घोस धरलेले होते. आप्पांनी ते दाखविले नाहीत. आमच्याच नजरेस पडले.

विक्रीचा विषय आम्ही काढला, कारण वहिनींस शब्द दिलेला होता. आप्पा म्हणाले, "मुलाला कळव, पुढल्या वर्षी बोलू. हे पीक पिवळे होऊन उतरेपर्यंत तरी मी येथून हलत नाही." हा निर्णय झाला असे आम्ही म्हणत नाही. ब्याऐंशीव्या वर्षी आणि समुद्राच्या तोंडाशी राहून कोणी निर्णय करीत नाही; हंगाम पुढे ढकलतो. वहिनींचा जीव मात्र तेवढ्यानेही खाली बसलेला दिसला. आम्ही काही न सांगताच आमच्या खेपेचे काम झाले होते, ही गोष्ट मास्तरपणास थोडी बोचली, इतकेच.

निघण्याच्या दिवशी नातीने त्या हाऱ्यातून शिल्लक राहिलेली एकुलती तबकडी काढली, ओल्या फडक्याने पुसली, आणि मुंबईस नेण्यासाठी जुन्या लुगड्यात गुंडाळली. तीवरील आवाज स्वतः उतरवून घेण्याचा तिचा मानस आहे. बाहेर त्याच सिंफनीचे चांगले मुद्रण सहज मिळत असता हा खटाटोप कशाला, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "त्याच्यात पणजोबांच्या टाचण्यांचे चरे आहेत."

मुंबईत नरिमन पॉइंटला, एनसीपीएच्या सभागृहात, २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आता या रचना वाजवितो. मेहलींनी लावलेले रोप वेगळ्या नावाने आणि वेगळ्या मातीत का होईना, पुन्हा धरले आहे. 'पास्टोरल' तेथे वाजली तर आपणांस बोलावीन, असे नातीने आप्पांस सांगून ठेविले आहे. आप्पांनी अट घातली, "सुपारीच्या हंगामात नको."

एस. टी. म्हसळ्याच्या वळणावर आली तेव्हा आम्ही मागे वळून पाहिले. माडांची रांग अजून विरळ आहे. तिच्यामधून समुद्र पूर्वीपेक्षा अधिक दिसतो.